लघवी राहत नाही: स्ट्रेस की अर्ज, व्यायाम की गोळी की ऑपरेशन?

‘लघवी राहत नाही’ एवढंच सांगून बायका गप्प होतात. पुरुष तेवढंही सांगत नाहीत, त्यांच्या वतीने बायकोच बोलते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करते. माझ्यापर्यंत येईतो अनेकींच्या पिशवीत दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांची पाकिटं असतात, ऑपरेशन सुचवलेला कागद असतो आणि घरी पॅडचा साठा असतो. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हे त्यांना विचारायचं असतं. मी आधी एवढंच सांगते की गळती कुठल्या प्रकारची आहे ते ठरवूया. एका प्रकाराला जी गोळी लागू पडते तिने दुसऱ्यात काडीचा फरक पडत नाही, आणि तिसऱ्यात तर अपाय होतो. प्रकार न ठरवता केलेल्या उपचारांत लोकांची वर्षं गेलेली मी पाहते, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो.

निरोगी मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली लघवी मावते. दीड-दोनशे मिली साठली की पहिली जाणीव होते, पण ती सहज पुढे ढकलता येते. दिवसातून सात-आठ वेळा जाणं आणि रात्री एखाद वेळा उठणं यात काही बिघाड नाही. लघवी साठत असताना मूत्राशयाचा स्नायू, म्हणजे डेट्रुसर, सैल राहतो आणि मूत्रमार्गाभोवतीचं स्नायूंचं कडं, म्हणजे स्फिंक्टर, आवळलेलं असतं. लघवी करताना याच्या उलट घडतं. या सगळ्याला खालून आधार देणारा स्नायूंचा थर म्हणजे पेल्विक फ्लोअर. ताबा सुटतो तेव्हा यातलं काहीतरी एक बिनसलेलं असतं: कडं दाबाला पुरत नाही, डेट्रुसर नको तेव्हा आकुंचन पावतो, मूत्राशय नीट रिकामं होत नाही, किंवा सगळं ठीक असूनही माणूस संडासापर्यंत वेळेत पोचत नाही.

स्ट्रेस आणि अर्ज

इन्कॉन्टिनन्स म्हणजे लघवीवरचा ताबा सुटणं. केसपेपरवर ‘एसयूआय’ किंवा ‘स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स’ लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा मनावरच्या ताणाशी संबंध नसतो. खोकला, शिंक, हसू, भरलेली बादली उचलणं, सुटणारी लोकल धावत पकडणं, अशा वेळी पोटातला दाब मूत्राशयावर येतो आणि खालचं कडं तो पेलू शकत नाही. नळाचा वायसर झिजला की पाण्याला जोर असेल तेव्हाच नळ गळतो, तसंच हे. आधी लघवी लागलेली नसते. थोडीशीच गळते, दाब संपला की थांबते, आणि रात्री झोपेत बहुधा काही होत नाही. बाळंतपण, विशेषतः चिमटा लावून झालेलं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, जुना खोकला आणि वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ ही त्याची नेहमीची कारणं. पुरुषांमध्ये हा प्रकार मुख्यतः प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर दिसतो.

‘अर्ज’ हा इंग्रजी शब्द (urge), म्हणजे लघवीची घाईची कळ. ‘अर्ज इन्कॉन्टिनन्स’मध्ये आधी ही कळ येते. ती हळूहळू वाढत नाही, एकदम येते आणि थोपवता येत नाही. नळाचं पाणी वाहताना ऐकू आलं, गार पाण्यात पाय पडला, उतरायचं स्टेशन जवळ आलं, की कळ. सगळ्यात ठरलेली जागा म्हणजे घराचं दार. सेफ्टी डोअरच्या कुलपात किल्ली फिरतेय तोवर परकर भिजलेला असतो. थेंबांवर भागत नाही, बरीच लघवी जाते, आणि रात्रीही उठावं लागतं. इथे डेट्रुसर न विचारता आकुंचन पावतो. पक्षाघात, पार्किन्सन, लघवीतला जंतुसंसर्ग, मूत्राशयातला खडा ही कारणं असू शकतात. पुष्कळदा शोधूनही कारण सापडत नाही.

खोकला आला आणि गळलं म्हणजे स्ट्रेसच, असं लगेच धरू नका. खोकल्याबरोबर थोडीशी लघवी आली आणि लगेच थांबली तर ते स्ट्रेस. खोकून झाल्यावर काही सेकंदांनी कळ आली आणि लघवी जातच राहिली तर खोकल्याने डेट्रुसरला चाळवलं असण्याची शक्यता असते. असा रुग्ण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत गेला तर निकाल निराशेचाच लागतो. म्हणून तपासताना मी रुग्णाला भरल्या मूत्राशयाने उभं करून खोकायला सांगते आणि लघवी नेमकी कधी येते तेच पाहते.

दोन्ही एकत्र असेल तर कागदावर ‘मिक्स्ड’ लिहिलेलं असतं. वय वाढतं तसं हेच जास्त दिसतं. जास्त त्रास कशाचा आहे ते विचारून आधी त्यावर उपचार करायचे, एवढाच मार्ग असतो.

‘ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर’ किंवा ‘ओएबी’ हा शब्द यापेक्षा रुंद आहे. घाईची कळ हे त्याचं मुख्य लक्षण. सोबत वारंवार जाणं, म्हणजे फ्रीक्वेन्सी, आणि रात्री उठणं, म्हणजे नॉक्टुरिया, बहुतेक वेळा असतं. गळती असो वा नसो. नसली तर ‘ड्राय’, असली तर ‘वेट’. जगभरचे डॉक्टर हे शब्द एकाच अर्थाने वापरतात ते 1971 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीच्या व्याख्यांमुळे. त्यांचा आजही वापरला जाणारा मोठा अहवाल 2002 चा. ओएबी हे तक्रारींच्या एका गटाचं नाव आहे. ते लावण्याआधी लघवीची तपासणी, रक्तातली साखर आणि सोनोग्राफी झालेली असायला हवी. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते ती म्हणजे क्षयरोग. मूत्रमार्गाच्या क्षयात मूत्राशय आकसून लहान होतं आणि माणूस सारखा लघवीला जात राहतो. लघवीत पू-पेशी दिसतात, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स झाले आणि फरक नाही, असा कुणी घरात असेल तर क्षयाची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

तीन दिवसांची वही

कुठल्याही महागड्या तपासणीआधी ही वही. स्वयंपाकघरातलं मापाचं जुनं प्लास्टिकचं भांडं संडासात ठेवायचं. तीन दिवस किती वाजता काय प्यायलं, किती वाजता किती मिली लघवी झाली, कधी गळली आणि तेव्हा काय चाललं होतं, हे लिहायचं. तिन्ही दिवस सलग असलेच पाहिजेत असं नाही. एखादा कामाचा आणि एखादा सुट्टीचा असला तर बरं.

नमुन्यादाखल एक पान भांडुपला राहणाऱ्या आणि फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईचं घेऊ. सकाळी 6 ला 380 मिली. 7.40 ला घरातून निघताना 120. फलाटावर गाडी धावत पकडली, थोडी गळली, लघवी लागलेली नव्हती. ऑफिसात 10.45 ला 280, 2.30 ला 320. संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन पूल चढताना पुन्हा थोडी. रात्री उठणं नाही.

दुसरं पान साठीच्या गृहिणीचं. 6 ला 150 मिली. 6.20 ला चहा. 7 ला 90. 7.45 ला 110, पोचता पोचता अर्धी कपड्यात. 9 ला पुन्हा चहा, 9.30 ला 80. बाजारातून आल्यावर दारात गळली, कपडे बदलले. रात्री 12, 2.15 आणि 4 ला उठणं.

पहिलीच्या मूत्राशयात लघवी व्यवस्थित साठतेय, फक्त दाब आला की गळतेय. दुसरीच्या मूत्राशयात साठवणच होत नाही. पहिलीला ओएबीची गोळी देऊन उपयोग नाही आणि दुसरीला मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी, म्हणजे टेप, घालायचं ऑपरेशन करून उपयोग नाही. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत हे बोलून कळत नाही. वही पुढे ठेवली तर कळतं.

रात्रीच्या आकड्यांवर खास नजर टाका. तीनदा उठून दर वेळी 350 मिली होत असेल तर मूत्राशयाचा दोष नाही, रात्री लघवीच जास्त तयार होतेय. उतारवयात चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त रात्री झाली तर त्याला नॉक्टर्नल पॉलियुरिया म्हणतात. दिवसभर पायावर साचलेली सूज आडवं झाल्यावर उतरते, संध्याकाळी घेतलेली लघवीची (म्हणजे लघवी वाढवणारी) गोळी काम करत राहते, झोपेत घोरताना श्वास अडकतो, किंवा हृदयाचा काही त्रास असतो. यावर मूत्राशयाच्या गोळ्या घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

तिसरा प्रकार, जो दुसऱ्याच्या वेषात येतो

ओव्हरफ्लो. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, तुंबलेलंच राहतं, आणि वरून भर पडली की थोडीथोडी सांडत राहते. वहीत हे पान दुसऱ्या पानासारखंच दिसतं: थोडीथोडी, वारंवार, रात्रीही. म्हणूनच ते धोक्याचं आहे. प्रोस्टेट वाढलेले पुरुष, जुना मधुमेह असलेले स्त्री-पुरुष आणि मणक्याच्या नसांचा त्रास असलेले यात प्रामुख्याने येतात. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, मधे मधे थांबते, करून आल्यावरही ‘राहिली’ असं वाटतं, ही खूण. मोठ्या माणसाचं अंथरूण नव्याने ओलं व्हायला लागलं तर आधी याचाच संशय घ्या.

याचा छडा सोनोग्राफीत लागतो. रिपोर्टवर ‘पोस्ट-व्हॉइड रेसिड्यू’ किंवा ‘पीव्हीआर’ पुढे आकडा असतो. लघवी करून आल्यावर आत किती उरली, ते हा आकडा सांगतो. 50 मिलीच्या आत असेल तर निश्चिंत राहा. 200 च्या वर असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय राहू नका. मधला आकडा वय आणि तक्रार पाहून वाचावा लागतो. मात्र सोनोग्राफी सेंटरवर लिटरभर पाणी पाजून तासभर थांबवतात, मूत्राशय फुटायला येतं, आणि मग घाईघाईत केलेल्या लघवीनंतर हा आकडा उगाच जास्त येऊ शकतो. शंका असेल तर नेहमीइतकी लागलेली असताना पुन्हा मोजून घ्यावा.

अशा माणसाला ओएबी समजून डेट्रुसर सैल करणारी गोळी दिली तर लघवी पूर्ण अडू शकते. प्रोस्टेटवाल्या आजोबांना सर्दीच्या साध्या गोळीनेही हे होतं. नाक मोकळं करणाऱ्या आणि अॅलर्जीच्या जुन्या औषधांनी एका रात्रीत लघवी बंद होऊन कॅथेटर घालावा लागलेले लोक प्रत्येक सरकारी इस्पितळात दिसतील. तेव्हा साठी ओलांडलेल्या पुरुषाने पीव्हीआर पाहिल्याशिवाय ओएबीची गोळी सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे.

गिरणगावातली गॅलरी

चौथ्या प्रकाराला ‘फंक्शनल’ म्हणतात. मूत्राशय, कडं, नसा ठीक असतात; अडचण वाटेत असते. परळ-लालबागच्या जुन्या चाळींत संडास गॅलरीच्या टोकाला. गुडघे धरलेल्या आजींना खाटेवरून उठून, काठी शोधून, ओल्या फरशीवरून तिथवर जायचं आणि तिथे रांग. वाटेत पातळ भिजलं तर सून म्हणते, सासूबाईंचा ताबा गेला. ताबा गेलेला नसतो. कमोडची खुर्ची, खाटेजवळ लघवीचं भांडं, गॅलरीत रात्रभर दिवा, लुगड्याऐवजी पटकन वर करता येईल असा गाऊन, आणि दर दोन-अडीच तासांनी ‘जाऊन येता का?’ म्हणून विचारणारं कुणीतरी, एवढ्याने पुष्कळांचं भागतं. विस्मरणाचा आजार असलेल्यांना ठरलेल्या वेळी नेण्याची ही सवयच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

दिवसरात्र सतत थेंब थेंब गळतच असेल, विशेषतः अवघड बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवी काढल्यानंतर, तर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र, म्हणजे फिस्टुला, असू शकतो. त्यावर व्यायाम नाही, गोळी नाही. सरळ सर्जन.

व्यायाम, सवय, गोळी

स्ट्रेससाठी पहिला उपचार पेल्विक फ्लोअरचे व्यायाम. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांनी 1948 साली ते मांडले म्हणून त्यांना केगेल म्हणतात. वायू सुटू नये म्हणून आपण शौचाची जागा जशी आत ओढून घेतो तसं आवळायचं. नितंब, मांड्या, पोट सैल, श्वास चालू. आधी पाच सेकंद धरायचं, जमेल तसं दहापर्यंत न्यायचं, आणि तितकाच वेळ सैल सोडायचं. एका वेळी किमान आठ, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पहिल्या पंधरवड्यात काही फरक नाही म्हणून सोडणाऱ्या बायका मला रोज भेटतात. स्नायू तयार व्हायला तेवढा काळ लागतोच. लघवी करताना मधेच धार अडवून व्यायाम करायची सवय लावू नका. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

तोंडी सांगून किंवा व्हिडिओ पाहून अनेकींना हे बरोबर जमत नाही. त्या आवळण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्रास वाढतो. म्हणून निदान पहिल्यांदा कुणीतरी तपासून, योग्य स्नायू हलतोय का ते सांगायला हवं. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ साधणं. शिंक येतेय असं वाटलं, बादली उचलायची आहे, की त्या क्षणाआधी आवळायचं. ज्यांच्या स्नायूंत ताकद आहे पण वेळ साधत नाही अशांना एवढ्यानेच काही दिवसांत फरक दिसतो.

वजन जास्त असेल तर तेही कमी करा. वजनदार बायकांवर झालेल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साधारण आठ टक्के वजन घटवलेल्या बायकांचे गळण्याचे प्रसंग 47 टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांचे 28 टक्क्यांनी. पंचाहत्तर किलोच्या बाईला आठ टक्के म्हणजे सहा किलो. हे आवाक्यातलं आहे.

अर्जसाठी पहिला उपचार ब्लॅडर ट्रेनिंग. कळ आली की पळायचं नाही. पळताना दाब वाढतो आणि हमखास गळते. जागच्या जागी थांबायचं, बसता आलं तर बसायचं, पाच-सहा वेळा झटपट आवळायचं. लाट ओसरते. मग चालत जायचं. दाराशी हेच करायचं: किल्ली काढण्याआधी जिन्यात उभं राहून आवळून घ्या, लाट जाऊ द्या, मग कुलूप उघडा. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर आणायचं. किमान सहा आठवडे द्यावे लागतात.

या मुंबई शहराने आपल्याला दोन वाईट सवयी लावल्यात. लोकलमध्ये संडास नाही, फलाटावरचा असला तर त्यात पाय ठेववत नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. 2011 च्या सुमारास मुंबईतल्या स्त्रियांनी ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काची, मोहीम उघडली ती याच कारणाने, आणि ती गरज अजून संपलेली नाही. कमी पाण्याने लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, उन्हाळी लागते. दिवसाला दीड ते दोन लिटर हवंच, घामाच्या दिवसांत जास्त. दुसरी सवय ‘आत्ताच जाऊन घेते’. गाडीत बसण्याआधी जाणं समजू शकते. पण घरात असताना दर तासाला लागलेली नसताना गेलात तर मूत्राशय थोड्यावरच हाक मारायला शिकतं. चहाचंही तेच. अर्जवालीने दिवसाचे पाच कटिंग दोनवर आणून पाहावेत. स्ट्रेसवालीला त्याने फारसा फरक पडणार नाही.

ट्रेनिंगने पुरेसा फरक पडला नाही तर गोळी, आणि तीही अर्जसाठीच. दोन गट आहेत. जुना गट अँटिकोलिनर्जिक: ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन, डॅरिफेनासिन. काम होतं, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, नजर धूसर होते. काचबिंदूच्या काही प्रकारांत चालत नाहीत. आणि वयस्कांत गोंधळलेपणा, विसरभोळेपणा वाढू शकतो. नव्या गटातलं मिराबेग्रॉन डेट्रुसरला वेगळ्या वाटेने सैल करतं. तोंड कोरडं पडत नाही, डोक्यावर परिणाम नाही, पण रक्तदाब वाढू शकतो. फार वाढलेला आणि ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर देत नाहीत. सत्तरीच्या आजींसाठी विचारलंत तर मी डॉक्टरांना आधी मिराबेग्रॉनबद्दल विचारा म्हणेन आणि घरी बीपी मोजत राहा म्हणेन. चाळिशीच्या, बाकी निरोगी बाईला जुन्यातलं सॉलिफेनासिनही चालून जातं. चार आठवडे नीट घेतल्याशिवाय कुठलीही गोळी ‘लागू पडत नाही’ म्हणून बंद करू नका. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने कळ कमी होते. याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारा.

आधीच चालू असलेल्या गोळ्याही तपासून घ्या. लघवीची गोळी, मधुमेहातलं डापाग्लिफ्लोझिन, झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाचं प्राझोसिन, किंवा रॅमिप्रिलने येणारा कोरडा खोकला, यातलं एखादंच गळतीचं मूळ असू शकतं. मात्र स्वतःच बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील.

ऑपरेशन

तीन महिने मनापासून व्यायाम करूनही स्ट्रेस जात नसेल तर ऑपरेशन ही लाजेची गोष्ट नाही, चांगली गोष्ट आहे. मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीची पट्टी घालायची टीव्हीटी पद्धत स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी 1996 मध्ये मांडली. ऑपरेशन छोटं, बहुतेकींना लवकर घरी जाता येतं, गुण चांगला. पण जाळी कायमची आत राहते आणि काहींना दुखणं, जाळी बाहेर येणं असा त्रास झाला; इंग्लंडमध्ये 2018 साली ही पट्टी सर्रास वापरणं थांबवलं गेलं. दुसरा पर्याय स्वतःच्याच पोटाच्या आवरणाची पट्टी. चीर मोठी, बरं व्हायला वेळ जास्त, लघवी अडण्याची शक्यता थोडी अधिक, पण आत परकं काही राहत नाही. तिसरा, 1961 पासूनचा बर्च टाक्यांचा, म्हणजे मूत्राशयाची मान टाके घालून वर उचलून धरायचा. पोट उघडून किंवा दुर्बिणीतून दुसरं काही करायचंच असेल तर त्याचा विचार होतो. मला विचाराल तर सर्जन सगळ्यात जास्त वेळा जे ऑपरेशन करतो ते त्याच्याकडून करून घ्यावं, आणि जाळी घालायची असेल तर त्याच्या तोंडून ‘ही काढणं सोपं नाही’ हे वाक्य आधी ऐकून घ्यावं. आणखी मूल हवं असेल तर ऑपरेशन नंतरवर ठेवा.

अर्जमध्ये गोळ्या हरल्या तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं, साधारण 100 युनिट. गुण सहा-नऊ महिने टिकतो, मग पुन्हा. काहींची लघवी काही काळ अडते, तेव्हा स्वतः कॅथेटर घालायला शिकायची तयारी आधीच हवी. घोट्याजवळच्या नसेला सुईतून हलका करंट देण्याचा उपायही आहे, दर आठवड्याला अर्धा तास, बारा आठवडे. त्याला धोका जवळजवळ नाही, पण दर आठवड्याला यायला जमायला हवं.

पॅड

पाळीचं पॅड वापरू नका. ते घट्ट, सावकाश येणाऱ्या स्रावासाठी असतं; लघवी एकदम येते आणि बाजूने निघते. स्ट्रेससाठी लघवीचं म्हणून मिळणारं पातळ पॅड पुरतं. अर्जसाठी पँटसारखं घालायचं आणि पटकन खाली करता येणारं बरं. चिकटपट्टीचा डायपर अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, चालत्या माणसाला नको. पावसाळ्यातल्या दमट हवेत कातडी लगेच सोलवटते, म्हणून बदलताना कोरडं पुसून झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

कुणाकडे

बाई, तक्रार स्ट्रेसची किंवा अंग बाहेर येतंय असं वाटतं: आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि चिठ्ठीवर फिजिओथेरपी लिहून मागा. पुरुष, किंवा लघवी तुंबते, खडा, पूर्वीचं ऑपरेशन: युरोलॉजिस्ट. सरळ अर्ज असेल तर चांगला फॅमिली डॉक्टर सुरुवात करून देऊ शकतो. खर्च जमत नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत युरोलॉजी, स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी हे तिन्ही विभाग आहेत. रांग मोठी असते, पण प्रकार ठरवायला लागणाऱ्या तपासण्या एकाच आवारात होतात. युरोडायनॅमिक्स, म्हणजे नळी घालून दाब मोजायची तपासणी, सगळ्यांना लागत नाही. साधं स्ट्रेस असेल तर तिच्याविना चालतं. मिक्स्ड, आधीचं फसलेलं ऑपरेशन किंवा नसांचा आजार असेल तर ती करूनच पुढे जा.

लघवीत रक्त, मग ते एकदाच का दिसेना, थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, किंवा लघवी पूर्ण अडून पोट दुखणं, यात वही-बिही लिहीत बसायचं नाही, लगेच डॉक्टर. कंबरदुखीबरोबर जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाय लटके पडायला लागले आणि लघवीचा ताबा गेला तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत जा, कारण त्यात पाठीच्या नसांवर आलेला दाब तासांच्या हिशेबात सोडवावा लागतो.

बाकी सगळ्यांनी जाताना वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुनी सोनोग्राफी बरोबर न्यावी, लघवी लागलेली असतानाच आत जावं म्हणजे खोकून तपासता येतं, आणि बाहेर पडण्याआधी डॉक्टरांना प्रकाराचं नाव कागदावर लिहून द्यायला सांगावं.